टोंकिनच्या आखातातली ती रात्र: हल्ला झालाच नव्हता, मग युद्ध कसं झालं?

गलबत (धागाकर्ता)

परवा आमच्या कट्ट्यावर दोघांची जुंपली. एकजण म्हणे, व्हिएतनामचं युद्ध अमेरिकेने न झालेल्या हल्ल्याचं निमित्त करून पेटवलं. दुसरा म्हणे, काहीही काय, जहाजाला लागलेल्या गोळीच्या भोकाचा फोटो मी स्वतः पाहिलाय. अर्धा तास वाद, दोन चहा, तरी निकाल नाही. घरी येऊन जुनी टिपणं काढली तेव्हा लक्षात आलं की दोघंही बरोबर होते. एक ४ ऑगस्टबद्दल बोलत होता, दुसरा २ ऑगस्टबद्दल. साठ वर्षांनंतरही लोक या दोन तारखांची खिचडी करतात, म्हणून हा धागा.

साल १९६४. व्हिएतनाम दोन तुकड्यांत. उत्तरेत हो ची मिन्ह यांचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या टेकूवर उभं असलेलं सायगावचं सरकार. अमेरिकेचे 'सल्लागार' दक्षिणेत होते, पण उघड युद्ध नव्हतं. उत्तर व्हिएतनामच्या पूर्वेला टोंकिनचं आखात. तिथे 'मॅडॉक्स' नावाची अमेरिकन विनाशिका किनाऱ्याला समांतर फिरत होती. काम काय, तर कान देऊन ऐकणं. रडार कुठे आहेत, कोण कोणाशी बिनतारी बोलतंय, त्याची नोंद करायची. या गस्तीला 'डीसोटो' म्हणत.

त्याच सुमारास दुसरं एक गुप्त प्रकरण चालू होतं, 'ऑपरेशन ३४-ए'. दा नांगहून निघणाऱ्या वेगवान बोटी, वर दक्षिण व्हिएतनामी कमांडो, आखणी आणि पैसा अमेरिकेचा. ३० जुलैच्या रात्री या बोटींनी होन मे आणि होन न्गू या उत्तरेच्या बेटांवर मारा केला. आणि दोनच दिवसांत मॅडॉक्स त्याच भागात. आता होन मेवर बसलेल्या माणसाने या दोन गोष्टी वेगळ्या समजायच्या कशा?

२ ऑगस्टच्या दुपारी, लख्ख उजेडात, उत्तर व्हिएतनामच्या तीन पाणतीर (टॉर्पेडो) बोटी मॅडॉक्सच्या अंगावर आल्या. पहिल्या तोफा मॅडॉक्सने डागल्या, इशारा म्हणून. मग बोटींनी पाणतीर सोडले. ते चुकले. 'टिकोंडेरोगा' या विमानवाहू जहाजावरून चार क्रुसेडर विमानं आली आणि बोटींची चाळण करून गेली. उत्तरेचे चार खलाशी मेले, सहा जखमी. मॅडॉक्सला लागली एक मशीनगनची गोळी. एकच. ही चकमक खरी, दोन्ही बाजू ती मान्य करतात. व्हिएतनामचं नौदल तर २ आणि ५ ऑगस्ट आजही 'पहिल्या लढाईतला विजय' म्हणून साजरा करतं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या दिवशी बदला घेतला नाही. उलट मॅडॉक्सच्या जोडीला 'टर्नर जॉय' ही दुसरी विनाशिका दिली आणि गस्त चालू ठेवा म्हणून सांगितलं. ३ च्या रात्री ३४-ए वाल्यांनी किनाऱ्यावर पुन्हा मारा केला.

आणि मग ४ ऑगस्टची रात्र. चंद्र नाही, वादळी हवा, पावसाच्या सरी, विजा. मॅडॉक्सच्या रडारवर ठिपके दिसू लागले. सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसलेला खलाशी ओरडतोय, पाणतीर आला, अजून एक आला. दोन्ही जहाजं नागमोडी पळतायत आणि अंधारात तोफा झाडतायत. मॅडॉक्सवरून कळवलेल्या पाणतीरांची संख्या वीसच्या वर गेली. जरा हिशेब करा. उत्तर व्हिएतनामकडे अशा बोटी होत्या जेमतेम डझनभर, प्रत्येकीवर पाणतीर दोन, आणि त्यातल्या तीन बोटी परवाच चाळण झालेल्या.

गोळीबार थांबल्यावर गस्तीचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांनी जे केलं त्यासाठी मला हा माणूस आवडतो. त्यांनी वर तार पाठवली. मथितार्थ असा: कळवलेले बरेचसे ठिपके आणि पाणतीर शंकास्पद वाटतात, विचित्र हवामानाचा रडारवर परिणाम झाला असावा, सोनारवाले जरा जास्तच उत्साहात होते, मॅडॉक्सवरून कोणी प्रत्यक्ष काही पाहिलेलं नाही, पुढचं पाऊल टाकण्याआधी नीट छाननी करा.

तार वॉशिंग्टनच्या घड्याळात दुपारी १:२७ ची. बदल्याच्या हल्ल्याचा आदेश सुटला ४:४९ ला. रात्री ११:३६ ला जॉन्सन टीव्हीवर. म्हणजे 'शंका आहे' ही बातमी आदेशाच्या तीन तास आधी पोचली होती. माझ्या मते सगळी गोष्ट या तीन तासांत आहे.

रात्रपाळी

वाचतेय. दोन तारखांचा घोळ माझाही होता. पुढे लिहा.

खवचट_काका

घोळबिळ काही नाही हो. ठरवून केलेलं नाटक. युद्ध हवं होतं, निमित्त हवं होतं, दोन बोटी पाठवल्या समुद्रात आणि केला बोभाटा. १८९८ ला हवाना बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका बुडाली तेव्हाही हेच. महासत्तेला निमित्त कमी पडत नाही.

गलबत

काका, नाटक असतं तर नाटकातल्या मुख्य नटानेच प्रयोग चालू असताना 'मला संशय आहे' अशी चिठ्ठी विंगेत पाठवली असती का? हेरिकची तार हाच नाटकाच्या विरोधातला पुरावा. बोटीवरच्यांना त्या रात्री खरंच वाटत होतं की आपल्यावर हल्ला होतोय. चूक खरी होती. चुकीचं पुढे काय केलं, ते बघायला हवं.

दर्यावर्दी

धागा बघून राहवलं नाही, म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलंय. आयुष्यातली सव्वीस वर्षं बोटीवर काढली, व्यापारी बोटीवर, तोफांशी संबंध नाही. पण रडारच्या भुतांशी आहे.

थर्ड ऑफिसर म्हणून माझा पहिलाच करार. अरबी समुद्र, जुलै महिना, रात्रीचा वॉच. मान्सूनमध्ये तिथे लाटा कशा असतात ते रत्नागिरीच्या धक्क्यावर उभं राहून कळत नाही. रडारवर पुढे उजव्या अंगाला चार मैलांवर एक ठिपका. बारीक, पण दर फेरीला येतोय. मग नाहीसा. मग पुन्हा, जरा जवळ. मी म्हटलं मासेमारीचा मचवा असणार, दिवा लावलेला नाही. ब्रिजच्या बाहेर जाऊन दुर्बीण लावली, पावसात काय दिसणार, कपाळ. परत आलो तर ठिपके दोन. हातापायाला घाम. कॅप्टनला उठवलं.

कॅप्टन लुंगीवर वर आला. रडारकडे एकदा पाहिलं, सी क्लटरचं (लाटांचे पडसाद कापणारं) बटण थोडं फिरवलं, गेन म्हणजे रडारची संवेदनशीलता जरा कमी केली. दोन्ही ठिपके गायब. लाटांचे माथे होते. मला म्हणाला, चहा घे आणि भीती वाटली की आधी हे बटण फिरव, मग मला उठव. जाता जाता खांद्यावर हात ठेवून गेला म्हणून लाज थोडी कमी वाटली.

आता विचार करा. माझ्या अंगावर दोन दिवसांपूर्वी कोणी पाणतीर सोडलेले नव्हते. मॅडॉक्सवरच्या पोरांवर सोडलेले होते. त्यांना सांगून ठेवलेलं होतं की आज रात्री पुन्हा येतील. बाहेर काळोख. अशा वेळी स्क्रीनवर जे दिसेल ते बोटच असणार. त्या आखातात उष्ण दमट हवेच्या थरांमुळे रडारची लहर वाकते आणि दूरचे पडसाद जवळ दाखवते, हे पुढे तिथे गस्त घालणाऱ्या सगळ्यांनाच कळलं. अमेरिकन खलाशी त्याला 'टोंकिनचं भूत' म्हणायचे.

सोनारचंही सांगतो. जहाज भर वेगात असताना सुकाणू एकदम वळवलं की स्वतःच्याच पंख्याचा आवाज सुकाणूवर आपटून परत येतो. मॅडॉक्स पाणतीर चुकवायला वळायचं, त्या वळण्याचा आवाज सोनारवाल्याला पाणतीरासारखा ऐकू यायचा, तो ओरडायचा, जहाज पुन्हा वळायचं. कुत्रं स्वतःची शेपटी धरायला फिरतं तसं. मागाहून त्यांनी मुद्दाम जोरात वळणं घेऊन पाहिली आणि तोच आवाज मिळाला. आणि टर्नर जॉयच्या सोनारला त्या रात्री एकही पाणतीर ऐकू आला नाही.

रात्रपाळी

दर्यावर्दीकाका, प्रतिसाद जबरदस्त! अंगावर काटा आला. एक प्रश्न, टर्नर जॉयला काही ऐकू आलं नाही, मग ते कशावर तोफा डागत होते?

दर्यावर्दी

रडारवर. त्यांच्या रडारवरही ठिपके होते, मॅडॉक्सच्या ठिपक्यांशी नेहमी जुळत नव्हते एवढंच. टर्नर जॉयच्या काही खलाशांनी पाण्यात पाणतीराची रेघ पाहिली, काळा धूर पाहिला, असंही सांगितलं आणि त्यातले काहीजण ते शेवटपर्यंत सांगत राहिले. त्यांना खोटारडे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. अशा रात्री माणूस काय काय बघतो ते मला माहीत आहे.

एक भयंकर गोष्ट राहिली. मध्यरात्रीच्या सुमाराला मॅडॉक्सच्या तोफ-नियंत्रकाला एक मोठा, पक्का ठिपका मिळाला. संध्याकाळपासूनचा सगळ्यात ठळक. डागा म्हणून हुकूम आला. त्याने डागलं नाही, आधी विचारलं, आपली टर्नर जॉय कुठे आहे? समोर टर्नर जॉयच होती.

भटकी

वरून विमानंही आली होती ना त्या रात्री? ती काय म्हणतात?

गलबत

आली होती, आणि हा माझा आवडता धागा आहे (धाग्यातला धागा). स्क्वाड्रन प्रमुख जेम्स स्टॉकडेल, तेच जे २ तारखेला क्रुसेडर घेऊन आले होते. म्हणजे पाणतीर बोट वरून कशी दिसते ते परवाच पाहिलेला माणूस. ४ च्या रात्री दीड तासाहून जास्त वेळ ते अगदी खालून घिरट्या घालत राहिले. त्यांनी नंतर स्पष्ट लिहिलंय की बोटी नव्हत्या, बोटींची रेघ नव्हती, होतं ते काळं पाणी आणि अमेरिकन तोफा. सकाळी त्यांना झोपेतून उठवून सांगितलं की बदल्याच्या हल्ल्याचं नेतृत्व तुम्ही करायचंय. कशाचा बदला, हे त्यांनीच विचारलं म्हणतात.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९६५ मध्ये, स्टॉकडेलना उत्तर व्हिएतनामवर पाडलं. साडेसात वर्षं कैदेत. छळ झाला, पाय मोडला. आणि त्या सगळ्या काळात त्यांना एक वेगळीच भीती होती: युद्ध ज्या रात्रीमुळे पेटलं त्या रात्री तिथे काहीच नव्हतं, हे आपल्याला माहीत आहे, आणि हे आपल्या तोंडून काढून घेतलं तर?

वकीलसाहेब

चर्चा समुद्रातच अडकली आहे, म्हणून थोडं जमिनीवर आणतो.

अमेरिकेच्या घटनेप्रमाणे युद्ध जाहीर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या संसदेला आहे. व्हिएतनाममध्ये युद्ध कधी जाहीरच झालं नाही. त्याऐवजी होता हा टोंकिन ठराव, राष्ट्राध्यक्षांना तिथे हवी ती लष्करी कारवाई करायची मोकळीक देणारा. ७ ऑगस्टला मंजूर, १० तारखेला सही. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ०. चर्चा किती, तर चाळीस मिनिटांच्या आसपास. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवर यापेक्षा जास्त वेळ जातो. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २.

ते दोघे: ओरेगनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग. मोर्सना पेंटागॉनमधून, म्हणजे संरक्षण खात्यातून, कोणीतरी फोन करून सुचवलं होतं की मॅडॉक्सचं खरं काम काय होतं ते विचारा, तिच्या नोंदवह्या मागा. त्यांनी विचारलं. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारांनी उत्तर दिलं की दक्षिण व्हिएतनामने काही कारवाया केल्या असतील तर आमच्या नौदलाचा त्यांच्याशी संबंध नाही, त्यांना त्याची माहितीही नव्हती. हे खोटं. ३ तारखेच्या आसपास हेरिक स्वतःच वर कळवत होते की उत्तरवाले आम्हाला ३४-ए चाच भाग समजतायत.

म्हणून गलबतराव, तुमच्या 'चूक खरी होती' याच्याशी मी अर्धाच सहमत. ४ ऑगस्टची चूक खरी. पण २ ऑगस्टची चकमक 'विनाकारण हल्ला' म्हणून विकली, ते ठरवून. काँग्रेसला ३४-ए सांगितलं असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता की आधी खोडी कोणी काढली?

अजून एक. ठरावाचा मसुदा काही त्या दोन दिवसांत बसून लिहिलेला नाही. परराष्ट्र खात्यातल्या विल्यम बंडी आणि मंडळींनी मे-जूनपासूनच असा एक मसुदा करून ठेवला होता. प्रसंग आला, खणातून काढला.

खवचट_काका

बघा! मी काय म्हणत होतो? लग्नपत्रिका आधी छापून घेतली, मुलगी नंतर पाहिली.

वकीलसाहेब

काका, उपमा हशा पिकवणारी आहे, पण पत्रिका तयार असणं म्हणजे मुलगी पळवून आणणं नव्हे. नोव्हेंबरात निवडणूक होती. समोर बॅरी गोल्डवॉटर, जॉन्सनना मिळमिळीत ठरवणारा माणूस. जॉन्सनना त्या उन्हाळ्यात मोठं युद्ध नको होतं. आपण कणखर आहोत हे दाखवून तो विषय निवडणुकीपुरता मिटवायचा होता. ठराव कसा हवा, तर आजीच्या नाईटगाऊनसारखा, सगळं झाकणारा, हे उद्गार त्यांच्याच नावावर सांगतात. ते झाकणं फार महागात पडलं.

गेलॉर्ड नेल्सन नावाच्या सिनेटरनी दुरुस्ती सुचवली होती, युद्धाची व्याप्ती वाढवायची नाही असं ठरावातच लिहा म्हणून. सभागृहात ठरावाची बाजू सांभाळणारे विल्यम फुलब्राइट म्हणाले, गरज नाही, हेतू तोच आहे. फुलब्राइटनी पुढे १९६८ मध्ये याच प्रकरणावर सुनावण्या घेतल्या आणि आयुष्यभर त्या दिवसाची चुटपुट बाळगली. मोर्स आणि ग्रुएनिंग मात्र त्याच साली सिनेटची निवडणूक हरले. ठराव रद्द झाला जानेवारी १९७१ मध्ये. तोवर सैन्याचा आकडा पाच लाख चाळीस हजारांच्या वर जाऊन उतरणीला लागला होता.

शब्दखुणा

मी भाषांतराची कामं करते, म्हणून या प्रकरणातला एक बारीक धागा मला फार छळतो.

हेरिकनी शंका घेतली, स्टॉकडेलना काही दिसलं नाही, तरी वॉशिंग्टन ठाम का राहिलं? कारण त्यांच्याकडे चोरून ऐकलेले उत्तर व्हिएतनामी संदेश होते. एनएसए या त्यांच्या गुप्त ऐकणाऱ्या संस्थेने पुरवलेले. हा तर हुकमी एक्का, शत्रूच्याच तोंडचा पुरावा.

त्याच संस्थेतले इतिहासकार रॉबर्ट हॅन्योक यांनी हे सगळे संदेश पुन्हा काढून वाचले आणि २००१ मध्ये संस्थेच्या अंतर्गत नियतकालिकात लेख लिहिला. तो जनतेसाठी खुला झाला २००५ च्या अखेरीला. त्यांचं म्हणणं असं की संबंधित संदेशांपैकी सुमारे नव्वद टक्के वर पोचलेच नाहीत. जे पोचले ते असे निवडले की हल्ला झाला असंच वाटावं. एक संदेश होता २ तारखेला जखमी झालेली बोट ओढून नेण्याबद्दल, तेल भरण्याबद्दल. तो पोचला तो हल्ल्याची तयारी म्हणून.

आणि एका संदेशात, ऐकणाऱ्या तळावरच्या भाषांतरात होतं की आम्ही दोन साथी गमावले. वॉशिंग्टनला पोचलेल्या भाषांतरात साथींची झाली जहाजं. दोन साथी गमावले हे २ तारखेच्या चकमकीबद्दल असू शकतं. दोन जहाजं गमावली म्हणजे ४ ची लढाई झालीच. मूळ व्हिएतनामी मजकूर आता सापडत नाही.

आपल्या बखरीत 'दोघे कामी आले' असं वाचलं तर आपण लगेच समजतो की माणसं पडली. पण मराठी नुकतंच शिकलेल्याने 'दोन बोटी उपयोगी पडल्या' असं केलं तर? माझ्या टेबलावर असं भाषांतर रोज येतं. फक्त त्यावरून कोणी विमानं पाठवत नाही.

दर्यावर्दी

शब्दखुणाताई, बोट कामी येते, हे मात्र आम्ही खलाशी शपथेवर सांगू. :)

पेठेतला

एक विचारू का? भारताचा यात काही संबंध? की आपण नुसतेच बाल्कनीतून बघत होतो?

ताम्हिणी

पेठेतला, संबंध आहे, आणि बाल्कनीतून नव्हे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामवर नजर ठेवायला आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोग नेमला होता. भारत, पोलंड आणि कॅनडा, अध्यक्षपद भारताकडे. कॅनडाचे प्रतिनिधी ब्लेअर सीबोर्न हे अमेरिकेचे निरोप घेऊन हॅनोईला जायचे, टोंकिननंतरच्या त्या ऑगस्टातही गेले. आयोगाच्या हातात फारसं काही नव्हतं, अहवाल लिहायचे आणि दोन्हीकडून शिव्या खायच्या.

नेहरू मे १९६४ मध्ये गेले होते, शास्त्रीजी नुकतेच आलेले. बॉम्बफेक वाढली तशी भारताने टीका सुरू केली. जॉन्सननी एप्रिल १९६५ मध्ये शास्त्रीजींची ठरलेली अमेरिका भेट पुढे ढकलली. सोबत अयूब खानांचीही, म्हणजे फिट्टंफाट. पुढच्या वर्षी इंदिराबाईंनी हॅनोईवरच्या बॉम्बफेकीवर टीका केली तेव्हा आपण दुष्काळात होतो आणि अमेरिकेचा पीएल-४८० चा, म्हणजे अन्नमदतीच्या कायद्याखाली येणारा गहू खात होतो. जॉन्सन १९६५ पासूनच गहू थोडा थोडा, महिन्याच्या हिशेबाने सोडत होते. कारणं अनेक होती, शेतीधोरण बदला हा आग्रह त्यात मोठा, पण व्हिएतनामवरच्या आपल्या प्रवचनांचा रागही होता.

आई सांगते, तेव्हा रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून नंबर लावायचे. तो लाल गहू, त्याची पोळी तव्यावरून उतरली की लगेच खायची, नाहीतर चामडं. तिला टोंकिन माहीत नाही. मी काल हे सगळं तिला सांगितलं, तर म्हणाली, 'म्हणून उशिरा यायचा होय!'

खवचट_काका

ताम्हिणी, आईंना नमस्कार. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद त्यांचाच. मॅकनामारा १९६८ ला जागतिक बँकेचे अध्यक्ष म्हणून कलकत्त्याला आले होते तेव्हा तिथल्या पोरांनी रस्ते अडवले होते, 'आमार नाम तोमार नाम व्हिएतनाम' करत. तेही आठवलं.

भटकी

मी मागच्या वर्षी जाऊन आले. हल्ली मुंबईहून हॅनोईला थेट विमान आहे, निम्मं विमान आपलीच मंडळी, थेपले आणि चिवडा घेऊन. हा लाँग बेमध्ये सगळे क्रूझवर फोटो काढतात. तिथल्याच होन गाईवर ५ ऑगस्टला, म्हणजे त्या बदल्याच्या हल्ल्यात, एव्हरेट अल्वारेझ नावाच्या अमेरिकन वैमानिकाला पाडलं होतं. त्या दिवशी चौसष्ट उड्डाणं, पाणतीर बोटींचे तळ आणि विन्हचा तेलसाठा लक्ष्य. अल्वारेझ पॅराशूटने पाण्यात पडला, पकडला गेला, आणि १९७३ ला सुटला. आठ वर्षांच्या वर. रिचर्ड सॅदर नावाचा दुसरा वैमानिक त्याच दिवशी मेला.

हॅनोईत होआ लो तुरुंग बघितला. फ्रेंचांनी बांधलेला, पुढे अमेरिकन वैमानिक तिथेच ठेवले. जास्त खोल्या फ्रेंचांनी व्हिएतनामींचे केलेले हाल दाखवणाऱ्या आहेत, गिलोटिनसुद्धा आहे. अमेरिकनांच्या वाट्याला दोन-तीन खोल्या: व्हॉलीबॉल खेळतानाचे फोटो, नाताळचे फोटो, तिथे कैदेत राहिलेल्या आणि पुढे सिनेटर झालेल्या जॉन मॅकेनचा म्हणून ठेवलेला वैमानिकाचा पोशाख. आमच्या ग्रुपमधल्या एक मावशी म्हणाल्या, 'चांगलं ठेवलं होतं की यांना.' छळाचं तिथे काही लिहिलेलं नाही. आपापल्या संग्रहालयात सगळेच असे.

वकीलसाहेब

भटकी, हे महत्त्वाचं. २ ऑगस्टला हल्ल्याचा हुकूम नेमका कोणी दिला, हॅनोईने की खालच्या अधिकाऱ्याने, यावर त्या बाजूलाही मोकळेपणाने बोललं गेलेलं नाही. युद्धकाळात उत्तर व्हिएतनामचे संरक्षणमंत्री असलेले जनरल ग्याप यांना मॅकनामारा नोव्हेंबर १९९५ मध्ये हॅनोईत भेटले. ४ ऑगस्टला काय झालं, असं विचारलं. ग्याप म्हणाले, काहीच नाही. मॅकनामारांनी पुढे कॅमेऱ्यासमोर मान्य केलं की तो हल्ला झालाच नव्हता. एकतीस वर्षं लागली तो प्रश्न योग्य माणसाला विचारायला.

रात्रपाळी

आणि मधल्या काळात मेली किती माणसं?

गलबत

अमेरिकेचे अठ्ठावन्न हजारांच्या वर. व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेला अंदाज, अकरा लाख लढणारे आणि वीस लाख नागरिक. मार्च १९६५ ला बॉम्बफेक सातत्याने सुरू झाली आणि ८ मार्चला मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. पहिल्या खेपेला साडेतीन हजार. ज्या दा नांगहून ३४-ए च्या बोटी निघायच्या, तेच.

अजून एक माणूस राहिला. ४ ऑगस्ट १९६४ हा डॅनियल एल्सबर्ग यांचा पेंटागॉनमधल्या नोकरीचा पहिला पूर्ण दिवस. हेरिकच्या तारा एकामागून एक त्यांच्या टेबलावर येत होत्या. रात्री त्यांनी जॉन्सनचं भाषण ऐकलं, ज्यात शंकेचं नावही नव्हतं. १९७१ मध्ये 'पेंटागॉन पेपर्स', म्हणजे व्हिएतनाम युद्धावरची संरक्षण खात्याची गुप्त कागदपत्रं, वर्तमानपत्रांना देणारे ते हेच.

दर्यावर्दी

जाता जाता, कोणाला फारसं माहीत नसलेलं. १८ सप्टेंबर १९६४. तेच आखात, तशीच रात्र, 'मॉर्टन' आणि 'एडवर्ड्स' नावाच्या दोन विनाशिका. रडारवर ठिपके. तोफा डागल्या. सकाळी शोधलं, ना बोट, ना लाकडाचा तुकडा, ना तेलाचा तवंग. अगदी ४ ऑगस्टची दुसरी आवृत्ती. या वेळी वॉशिंग्टनने विमानं पाठवली नाहीत. जॉन्सननी पुरावा मागितला, तो मिळाला नाही, विषय संपला. भूत तेच, फक्त या वेळी बटण फिरवून पाहिलं.

पेठेतला

मग ४ ऑगस्टला का नाही फिरवलं?

वकीलसाहेब

कारण ४ ऑगस्टला २ ऑगस्ट ताजा होता, मसुदा खणात होता, वार्ताहरांना हल्ल्याची कुणकुण लागली होती आणि राष्ट्राध्यक्ष रात्री टीव्हीवर बोलणार हे ठरलं होतं. सप्टेंबरात ठराव खिशात होता. घाई कसली?

गलबत

सगळ्यांचे आभार, विशेषतः दर्यावर्दीकाका आणि ताम्हिणीच्या आईंचे. वकीलसाहेबांचा अर्धा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, ३४-ए लपवणं ही चूक नव्हती. आणि एक कबुली: इतकं दोन तारखांवर प्रवचन देऊन शीर्षकात मीच 'हल्ला झालाच नव्हता' असं लिहून बसलोय. '४ ऑगस्टचा हल्ला' असं हवं होतं. मला आता बदलता येत नाही, संपादकांना निरोप पाठवलाय.

खवचट_काका

तुमचा निरोप पोचेपर्यंत विमानं उडालेली असतील.